रंग उडवणारा पांढरा रंग

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळी कुत्री दिसली आणि कासाडी नदीचं नाव देशभर झालं. नदीत सोडलेल्या रंगाने ती माखली होती. तळोजा कागदोपत्री रायगडात, पण नवी मुंबईकरांना बातमी घरचीच वाटली. डोंबिवलीने त्याआधी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिला होता आणि पुढे २०२० मध्ये गुलाबी रस्ताही पाहिला.

या सगळ्याची मुळं जुनी आहेत. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, ठाण्याची वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत. पाठोपाठ ठाणे-बेलापूर पट्टा रसायनं, औषधं आणि रंगांच्या कारखान्यांनी भरला. सांडपाण्याचा विचार बराच नंतर झाला.

रंगाचं पाणी साफ करणं अवघड का, याचं उत्तर दुकानदाराच्या एका वाक्यात आहे: "ताई, पक्का रंग आहे, जाणार नाही." उन्हाला, साबणाला, घामाला दाद देऊ नये म्हणूनच हे रेणू घडवलेले असतात. मग प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना ते कसे पचणार? चुना-तुरटीने रंग खाली बसतो, पण तो फक्त पाण्यातून गाळात जातो.

प्रकाशाने रंग तोडायची युक्ती मात्र पाणी साफ करणाऱ्यांना सुचलेली नाही. ती आली भिंतीच्या रंगातून, तीही तक्रार म्हणून. टायटेनियम डायऑक्साइड हा सर्वांत जास्त वापरला जाणारा पांढरा रंग. तो घातलेल्या बाहेरच्या भिंतीवर काही वर्षांनी हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. उन्हात हे कण आजूबाजूचा चिकट थर खातात. १९३८ मध्ये लंडनमध्ये गुडीव्ह आणि किचनर या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की अतिनील प्रकाशात ही पूड रंगद्रव्याचा रंगही उडवते आणि स्वतः तशीच राहते. रंग कंपन्यांनी ही खोड मोडण्यासाठी कणांवर सिलिका, अॅल्युमिनाचे थर चढवले.

खोडीचा गुण झाला तो जपानमध्ये. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन केलं. पुढच्याच वर्षी जगाला तेलटंचाईची झळ बसली, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा पाण्यातून इंधन म्हणून मिळणाऱ्या हायड्रोजनवर गेल्या. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच पुडीने पाण्यातलं सायनाइड नष्ट केलं आणि गाडी सांडपाण्याकडे वळली. प्रकाशाने कणातला इलेक्ट्रॉन उडतो, मागे पोकळी राहते. ती पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील असा रेणूचा तुकडा, तयार करते आणि ते समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतं.

अडचण अशी, की या पुडीला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीच लागतात. उन्हात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून २००१ मध्ये नायट्रोजन मिसळलेलं टायटेनियम डायऑक्साइड, २००९ मध्ये कार्बन नायट्राइड, असे दृश्य प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक पुढे आले.

तेव्हापासून मिथिलीन ब्लू या प्रयोगशाळेतल्या निळ्या रंगाचं पाणी पारदर्शक करून दाखवणारे शोधनिबंध ढिगाने निघाले. मला त्यांतल्या बऱ्याच दाव्यांचं कौतुक वाटत नाही. मिथिलीन ब्लूचं नुसतं क्षपण झालं, म्हणजे रेणू न तुटता त्याला फक्त इलेक्ट्रॉन मिळाले, तरी ते रंगहीन होतं आणि हवा लागली की पुन्हा निळं. अॅझो रंगांची, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या गाठीने जोडलेल्या रंगांची, गाठ अर्धवट तुटली तर मागे अॅरोमॅटिक अमाइन्स उरू शकतात, त्यातली काही कर्करोगाला कारण ठरतात. रेणूचा पार कार्बन डायऑक्साइड झाला का, ते एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय कळत नाही.

शिवाय बीकरमधलं पाणी म्हणजे नाल्यातलं पाणी नव्हे. सुती कापड रंगवताना मीठ ढिगाने घालतात, त्यातलं क्लोराइड मूलकांना मध्येच गाठतं. गडद पाण्यात प्रकाश वरच्या थरातच अडकतो. वीस-पंचवीस नॅनोमीटरची पूड नंतर गाळून परत मिळवणं हा वेगळाच व्याप, म्हणून ती काचेवर किंवा जाळीवर बसवायचे प्रयत्न चालतात. त्यामुळे या पद्धतीची जागा शेवटी: चुना झाला, जिवाणूंचं काम झालं, की उरलेली फिकट छटा काढायला. आपल्याकडे तर जून ते सप्टेंबर उन्हाचीच मारामार, म्हणजे तेवढे महिने अतिनील दिवे आणि त्यांचं वीजबिल आलंच.