आधी जुने वेढे मोजा: सॉफ्टवेअर देखभालीच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

वऱ्हाडात विहिरीवरची मोटर जळली की ती तालुक्याच्या वाइंडिंगवाल्याकडे जाते. तिथं नव्या पोराच्या हाती लगेच नवी तार देत नाहीत. जळकी कॉइल सोडव, वेढे मोज, तारेचा गेज वहीत मांड, भरणं नंतर. सॉफ्टवेअरच्या शिक्षणाची गाडी मात्र उलट्या टोकानं निघाली. वर्गात कोरा प्रोग्राम लिहायला शिकवला आणि नोकरीत दुसऱ्याचा जुना प्रोग्राम पुढ्यात टाकला.

या दुखण्यावर बोट ठेवलं गेलं ते १९७०च्या दशकात. वापरातला प्रोग्राम सतत बदलावा लागतो आणि मुद्दाम आवरला नाही तर त्याची गुंतागुंत वाढत जाते, असं सॉफ्टवेअरचे अभ्यासक मेअर लेहमन सांगू लागले. १९७६ मध्ये आणखी एक अभ्यासक बर्टन स्वॉन्सन यांनी सॉफ्टवेअरच्या देखभालीचे तीन प्रकार पाडले: चूक काढणं, बदलत्या परिस्थितीशी जुळवणं आणि असलेलं अधिक चांगलं करणं. पुढं १९८० मध्ये लिएंट्झ आणि स्वॉन्सन यांनी ४८७ संस्थांची पाहणी मांडली, तर चुका काढण्याचं काम जेमतेम पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं! निम्म्याहून जास्त काम सुधारणांचंच होतं. म्हणजे नुसतं ‘बिघाड शोधा’ शिकवून भागणार नव्हतं.

आपल्याकडे गावात संगणक पोचला तो २००१ च्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरता अभ्यासक्रमाच्या वाटेनं. २०११ मध्ये ‘संग्राम’ या सरकारी प्रकल्पातून ग्रामपंचायतीत संगणक परिचालक बसले. भर चालवण्यावर, आतलं कोण बघणार? संगणकावर चढलेल्या सातबाऱ्यातल्या चुका धरायला २०१७ मध्ये चावडी वाचन झालं. माझ्या मते तपासणीचा तो उत्तम धडा होता, कारण वाचून दाखवलेलं ऐकणारा स्वतः शेताचा मालक होता.

२०२२ मध्ये केंद्रानं शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या ६३ हजार सेवा सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली. त्यातून सोसायटीचा हिशोब ठेवणाऱ्या गटसचिवाची खतावणी संगणकात जाऊ लागली, आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसंही घडवावी लागणार. त्यांच्या वर्गाला सरावाचं उदाहरण घरचंच आहे: डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. २०२१ मध्ये वेळेवर फेडणाऱ्यांच्या बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा १ लाखावरून ३ लाखांवर गेली. प्रोग्रामात हा १ लाख कुठंकुठं लिहिलाय ते आधी वाचून हुडकायचं. मग बदल. आणि मग ज्यांचं कर्ज ८० हजारच होतं, त्यांचा हिशोब पूर्वीसारखाच येतो का, ते खातं उघडून पाहायचं.