टाच माजेरची, विजयी गोल बेलुमीचा

अल्जीरियाच्या फुटबॉलचा विषय निघाला की राबाह माजेरची टाच निघणारच. १९८७, व्हिएन्ना, युरोपातल्या क्लबांच्या युरोपियन कपची फायनल, माजेरचा पोर्तो विरुद्ध जर्मनीचा बायर्न म्युनिक. गोलकडे पाठ करून टाचेने मारलेला तो गोल तुम्ही पाहिलेला असेल, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

पण त्यापुढचं वाक्य हमखास चुकतं. ‘याच माजेरच्या गोलने १९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी हरली.’ नाही हो. तो गोल अल्जीरियाच्याच लखदर बेलुमीचा.

१६ जून १९८२, स्पेनमधलं हिखोन. ५४व्या मिनिटाला बेलुमीचा फटका गोलकीपर शूमाखरने अडवला आणि सुटलेला चेंडू माजेरने जाळ्यात टाकला. १-०. म्हणजे माजेरचा गोल पहिला, आणि त्याच्याही मुळाशी बेलुमीच. ६७व्या मिनिटाला रुमेनिगेने बरोबरी केली. आता इथे नीट बघा. अल्जीरियाने मधल्या वर्तुळातून खेळ सुरू केला. चेंडू या पायातून त्या पायात फिरत राहिला, एकाही जर्मन खेळाडूला तो शिवता आला नाही. मग डावीकडून सालाह असाद सुसाट निघाला, त्याने चेंडू गोलसमोरून आडवा सोडला आणि पलीकडच्या खांबापाशी पोचलेल्या बेलुमीने तो आत ढकलला. बरोबरी होऊन जेमतेम मिनिट झालं होतं. २-१, आणि शेवटपर्यंत २-१च.

घोळ का होतो तेही कळतं. व्हिएन्नातही समोर जर्मनच होते, स्कोअरही २-१च. पण तिथेही माजेरच्या टाचेने बरोबरी साधली होती. विजयी गोल त्याने बाजूने गोलसमोर दिलेल्या पासवर पोर्तोच्याच ज्वारी या खेळाडूने केला. दोन्ही सामन्यांत माजेरने गोल केला, जिंकून देणारा गोल मात्र दुसऱ्याचा.

बाकीचे फरक किरकोळ. दोघेही १९५८चे. आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा मान बेलुमीला १९८१ साली मिळाला, माजेरला १९८७ साली. पुढे दोघेही प्रशिक्षक झाले. माजेरने राष्ट्रीय संघही सांभाळला आणि २०१८ साली त्याला ते पद सोडावं लागलं.

बेलुमीला कुणी ‘स्ट्रायकर’ म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं. स्ट्रायकर म्हणजे पुढे राहून गोल मारणारा; तो मिडफिल्डर, मधल्या फळीतला, पाठीवर १० नंबर. नजर एकीकडे आणि पास दुसरीकडे, ही त्याची ओळख. माझ्या लेखी दोघांत मोठा तोच. युरोपातल्या क्लबकडून तो कधी खेळला नाही, म्हणून बाहेरच्यांना त्याचं नाव आठवत नाही. अल्जीरियात त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. १९८४ साली मस्काराचा संघ देशाचा लीग विजेता ठरला तेव्हा त्या संघात तो होता, आणि मस्कारा हे त्याचं स्वतःचं गाव.

हिखोनचा सामना पाहायला मिळाला तर रुमेनिगेच्या गोलनंतर लगेच बंद करू नका. फक्त पुढचं एक मिनिट थांबा.