गड्ड्यासाठी कॅमेरा भाड्याने नेताना

मागच्या गड्ड्यानंतर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेनंतर, एक काका कॅमेरा परत द्यायला आले ते तणतणतच. "खराब हाय ओ तुमचा कॅमेरा. बाराबंदी बघा, धुतलीच नाही असं दिसायलंय." फोटो पाहिले. नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या), मानकरी, गर्दी सगळं चौकटीत नीट होतं. फक्त मानकऱ्यांचा पांढराशुभ्र अंगरखा, म्हणजे बाराबंदी, तेवढी करडी, मळकट. कॅमेरा ठणठणीत होता. नेताना आम्हीच सांगायला हवं होतं, म्हणून हा कागद.

कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून उजेड मोजतं. चौकटभर बाराबंद्या आल्या की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो अंधारा करून टाकतं. अशा वेळी अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून चाक अधिक १ वर न्या. उलट, काळ्या डोक्यांच्या गर्दीत एकच मानकरी असेल, तर मीटर गर्दीकडे बघून फोटो उजळतं आणि बाराबंदीच्या घड्या पार उडून जातात. तिथे उणे १. फोटो पाहताना जी जागा लुकलुकते, तिथलं कापड गेलं समजा. ही खूण आम्ही चालू करूनच देतो. करडी बाराबंदी घरी कॉम्प्युटरवर बऱ्यापैकी उजळते, उडालेली परत येत नाही. शंका आलीच तर थोडा अंधारा काढा.

"मोठी झूम द्या" हा आग्रह दरवर्षीचा. संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याच्या गर्दीत कोपर हलवायला जागा नसते, तिथे ७०-३०० ची लांबची लेन्स काय करणार? जवळून जास्त भाग टिपणारी १८-५५ न्या, कॅमेरा उभा धरा, ध्वज टोकापर्यंत येतो. तलावाच्या पलीकडून टिपायचं असेल तर मात्र झूम खुशाल न्या. अक्षता हवेत थांबवायच्या तर शटर १/१००० सेकंद. १/६० ला त्यांच्या रेघा होतात. आम्हाला रेघाच आवडतात, पण गिऱ्हाईक दाणे मागतं.

शोभेच्या दारूकामाला ट्रायपॉड हवाच. आयएसओ (उजेड टिपण्याची तीव्रता) १००, एफ (लेन्सच्या भोकाचा आकडा) ११, शटर ३-४ सेकंद. लांबच्या दिव्यावर फोकस धरून मग मॅन्युअल करा. फ्लॅश बंद. तो आभाळापर्यंत पोचत नाही, पुढे उभ्या माणसाचं टक्कल तेवढं उजळतो.

होम मैदानावरच्या धुळीत लेन्स बदलू नका. बॅगेत ब्लोअर आणि मऊ कापड दिलंय. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते आणि काचेवर डाग वाळतो. टॉवेल सोलापुरी असला तरी तो अंग पुसायलाच.

परत आणताना कार्ड काढून घ्या. मागच्या गड्ड्याची तीन कार्डं अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहेत. एकात कुणाच्या तरी बाळाचं जावळ आहे. ओळख पटवून घेऊन जा.