गिअर अडखळतो म्हणजे डिरेलर गेलाच?

‘सायकल उजव्या बाजूला पडली आणि गिअर नीट पडेनात, तर मागचा डिरेलर बाद, नवाच घ्या.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण लोंबकळताना दिसतो तो डिरेलरच, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांवर चेन इकडून तिकडे सरकवणारा भाग.

पण तो फ्रेमला थेट जोडलेला नसतो. मध्ये हँगर नावाची बोटभर पट्टी असते. अॅल्युमिनियमच्या बहुतेक फ्रेमवर ती मुद्दाम मऊ ठेवतात, धक्क्यात फ्रेमऐवजी ती वाकावी म्हणून. बऱ्याचदा वाकते तीच.

तपासायला चेन मधल्या चक्रावर घ्या आणि सायकलच्या मागे उकिडवे बसा. डिरेलरच्या दोन छोट्या पुली वरच्या चक्राच्या सरळ रेषेत हव्यात. दोन्ही मिळून स्पोककडे कलल्या असतील, तर संशय हँगरवर. पुलींचा पिंजराच पिळवटलेला दिसला, तर मात्र डिरेलरला मार बसलाय. केबलचा स्क्रू फिरवून दोन गिअर सुधारतात, तिसरा बिघडतो; त्याने कल जात नाही.

हँगर मापाच्या अवजाराने सरळ होतो किंवा फ्रेमच्या मॉडेलप्रमाणे नवा मिळतो, डिरेलरपेक्षा बहुधा बराच स्वस्त. तोवर सर्वात मोठ्या चक्रावर चेन चढवू नका. डिरेलर स्पोकमध्ये गेला, तर तो खरंच बाद होईल.