फुटपाथवरचं बिऱ्हाड आणि कलम २१

जुलै १९८१. ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की, मुंबईच्या फुटपाथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी धाडलं जाईल. घोषणा १३ तारखेची, आणि २३ तारखेला झोपड्यांवर हातोडे पडू लागले. तमिळनाडूतल्या सालेमकडचा एक भूमिहीन मजूर वीस वर्षांपूर्वी दुष्काळाला कंटाळून मुंबईत आला होता. त्याला बायको-मुलींसह गावाकडच्या बसमध्ये बसवण्यात आलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामाच्या शोधात परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच टेकला. हे सगळं पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलं गेलं. पत्रकार ऑल्गा टेलिस, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्कांची संघटना आणि काही फुटपाथवासी यांच्या याचिकांचा तो निकाल.

या माणसाचा कुठला हक्क हिरावला गेला होता? मतदानाचा नाही, भाषणाचा नाही. घरही कायद्याच्या लेखी त्याचं नव्हतं. गरिबी म्हणजे हक्कभंग का, हा प्रश्न कायद्यापुढे आला की कायदा असा चाचपडतो, आणि त्याचं कारण थोडं मागे जाऊन शोधावं लागतं.

१० डिसेंबर १९४८ला संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पंचविसाव्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसह पुरेशा राहणीमानाचा हक्क सरळ शब्दांत आहे. पण जाहीरनामा बंधनकारक नव्हता. त्याचे करार करायची वेळ आली तेव्हा शीतयुद्धाच्या ओढाताणीत हक्कांचेच दोन वाटे झाले. १९६६मध्ये दोन वेगळे करार झाले. नागरी-राजकीय हक्क ताबडतोब पाळायचे. आर्थिक-सामाजिक हक्क मात्र उपलब्ध साधनांनुसार, टप्प्याटप्प्याने. अमेरिकेने दुसऱ्या करारावर सही केली, पण तो अद्याप स्वीकारलेला नाही. भारताने १९७९मध्ये दोन्ही स्वीकारले.

आपल्याकडे ही वाटणी त्याच्याही आधी, घटना लिहितानाच झाली होती. मूलभूत हक्कांसाठी कोर्टाचं दार ठोठावता येतं. उपजीविकेचं पुरेसं साधन (कलम ३९) आणि काम मिळण्याचा हक्क (कलम ४१) मात्र मार्गदर्शक तत्त्वांत गेले, आणि कलम ३७ने बजावलं की त्यांची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येणार नाही. घटना समितीत के. टी. शहा यांनी त्यावर टोला लगावला होता: हा बँकेला सवड होईल तेव्हाच वटणारा चेक आहे. आंबेडकरांचा बचाव असा की, सत्तेवर येणाऱ्या प्रत्येक पक्षाला ही तत्त्वं समोर ठेवावी लागतील आणि कोर्टात नाही तरी मतदारांपुढे उत्तर द्यावं लागेल. शहांचा टोला मला जास्त खरा वाटतो, निदान पहिल्या तीन दशकांपुरता.

चेक वटवायची वाट निघाली ती कलम २१मधून. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क सांगणारं हे कलम आणीबाणीत न्यायालयानेच निष्प्रभ करून ठेवलं होतं. १९७६च्या त्या निकालात बहुमताच्या बाजूला असलेले दोन न्यायमूर्ती, यशवंतराव चंद्रचूड आणि प्र. ना. भगवती, पुढच्या दशकात याच कलमाचे सर्वांत उदार भाष्यकार ठरले. प्रायश्चित्त म्हणा किंवा काळाचा रेटा. १९८१मध्ये भगवतींनी लिहिलं की जगणं म्हणजे नुसता प्राण टिकवणं नव्हे. त्यात सन्मान येतो, पुरेसं अन्न, वस्त्र, निवारा येतो.

ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला आणि तो लिहिला सरन्यायाधीश चंद्रचूडांनी. त्यांचा युक्तिवाद साधा होता. माणूस फुटपाथवर हौसेने राहत नाही, कामाच्या जवळ राहता यावं म्हणून राहतो. तिथून हुसकलं की काम जातं आणि काम गेलं की जगणं. म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग. पूर्वी उच्च न्यायालयात फुटपाथवासीयांच्याच वकिलांनी फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क नसल्याचं कबूल केलं होतं. पालिकेने त्यावर बोट ठेवलं, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्क असा कबुलीने सोडून देता येत नाही.

निकालाची कीर्ती इथवरचीच. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याची मुभा देणारं, मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातलं कलम ३१४ वैधच ठरलं. एरवी नोटीस आणि सुनावणी द्यायला हवी होती, पण तुमचं म्हणणं आता आम्हीच ऐकलं आहे, असं म्हणून न्यायालयाने तो मुद्दाही निकाली काढला. झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, पाडायच्या नाहीत एवढाच दिलासा. १९७६च्या झोपड्यांच्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना मालाडजवळच्या मालवणीत किंवा तशाच ठिकाणी पर्यायी जागा द्यायची, पण ती दिल्याशिवाय हटवता येणार नाही अशी अट नाही. म्हणजे हक्क मान्य झाला आणि बिऱ्हाड उठलं, दोन्ही एकाच निकालपत्रात.

याच्या बरोबर उलटी गोष्ट महाराष्ट्राच्याच खेड्यांत घडत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात फोफावली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. इथे कलम २१चा कीस पाडायची गरज नव्हती. काम मागा, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारभत्ता. पैशाची सोयही केलेली होती, शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन. मजुरी थकायची, खडी फोडायचं काम जीवघेणं होतं, भत्ता मिळवणं तर महाकठीण. तरी कोणी काय द्यायचं आणि कधी, हे कायद्यात लिहिलेलं होतं. २००५चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

अन्नाच्या बाबतीत कोर्ट आणि कायदा एकामागोमाग आले. २००१मध्ये सरकारी गोदामं धान्याने भरलेली असताना राजस्थानात उपासमार होती, तेव्हा याचिका झाली. त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरच्या अंतरिम आदेशाने रेशन, शाळेतलं शिजवलेलं जेवण अशा योजना सरकारच्या मर्जीतून काढून लोकांच्या हक्कात टाकल्या. २०१३मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला.

निवाऱ्याला असा कायदा मिळाला नाही. मुंबईत झोपडीच्या बदल्यात घर मिळेल की नाही हे अजून झोपडी कधीची आहे यावर ठरतं. १९७६च्या ओळखपत्राच्या जागी पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली, मग १ जानेवारी २०००. त्यानंतर २०११पर्यंतच्या झोपडीधारकांना पैसे भरून घर घेण्याची मुभा मिळाली. पुरावा दाखवता आला तर पात्र, नाही तर अपात्र.