सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती (नाशिक जिल्हा)

गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या आणि वापरलेल्या जंगलाचा कारभार ग्रामसभेच्या वतीने पाहणारी समिती. आधार २००६ चा वनहक्क कायदा. त्याचे नियम २००८ मध्ये आले आणि २०१२ मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कोकणा, महादेव कोळी, वारली गावांसाठी ती विशेष महत्त्वाची आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकरी मोर्चाची एक मुख्य मागणी वनहक्क दाव्यांचा निपटारा ही होती. मात्र तेव्हा बोलणे झाले ते जास्त करून कसत्या प्लॉटांचे. गावाच्या जंगलाचे कमी.

वनहक्क समिती आणि ही समिती एक नव्हे. वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते. तीत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे व किमान एक तृतीयांश महिला सदस्य लागतात. दावे पडताळणे हे तिचे काम. जंगलाचे व्यवस्थापन करणारी समिती ग्रामसभा वनहक्क नियमांतील नियम ४ खाली आपल्यातूनच निवडते आणि तिची सदस्यसंख्या नियमाने बांधलेली नाही. संयुक्त वन व्यवस्थापन समिती वनखात्याच्या योजनेतून येते, ही तशी नाही. तिचा मालक ग्रामसभा, आणि तिचे निर्णय बदलण्याचा अधिकारही ग्रामसभेचाच.

वन संसाधनाचा, म्हणजे गावाच्या जंगलावरील हक्काचा, दावा नमुना ‘ग’ मध्ये करतात. (‘क’ वैयक्तिक, ‘ख’ इतर सामूहिक हक्कांसाठी.) खरे काम हद्दफेरीचे. जाणती माणसे पुढे, मागे जीपीएस घेतलेला पोरगा, सोबत शेजारगावचे चार जण आणि वनरक्षक. ओहोळ, टेकडी, जुनी विहीर, मसणवट, आणि वाघबारशीला जिथे पूजा होते तो वाघदेव या प्रत्येक ठिकाणी बिंदू घ्यायचा आणि लोकांच्या तोंडचे नाव लिहायचे. पारंपरिक विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हे नियमांनुसार पुरावेच आहेत. वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला) मात्र नकाशाशी ताडून घ्यावा. तो चुकला तर हक्कपत्र एका जंगलाचे आणि वहिवाट दुसऱ्याची असे होते, आणि दुरुस्तीत वर्षे जातात. शेजारगावाला फेरीला न बोलावणे ही दुसरी नेहमीची चूक.

दावा मंजूर करण्याच्या ठरावाच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. इथेच बहुतेक फाइली अडतात. दिवाळीच्या सुमारास सुरगाणा-पेठकडची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि पाडे रिकामे होतात. म्हणून सभा भातकापणीआधी किंवा सगळे गावी परततात त्या होळीच्या आसपास ठेवावी. सह्या-अंगठे सभेतच घ्यावेत. नंतर घरोघर फिरून भरलेले रजिस्टर हरकतीत टिकत नाही. एका महसुली गावात पाच-सहा पाडे असतील तर पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा करता येते, आणि अनुभवाने तीच जास्त चालते.

ठराव उपविभागीय समितीकडे, तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. कागद अपुरे असतील तर दावा फेटाळायचा नसतो, ग्रामसभेकडे फेरविचारासाठी परत पाठवायचा असतो. नामंजुरीची कारणे लेखी मिळालीच पाहिजेत. ती न मागितल्याने ६० दिवसांची अपिलाची मुदत निघून जाते. प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

हक्कपत्र मिळाल्यावर आराखडा. राबासाठी (रोपांची जमीन भाजायला) कोणत्या झाडांच्या फांद्या किती छाटायच्या, कोणता भाग दोन-तीन वर्षे चराईला बंद, मोह-हिरडा कधी वेचायचा, हे त्यात नावानिशी लिहावे. राब भाजायला लावलेली आग रानात शिरू नये म्हणून जाळरेषा (गवत-पाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे) फेब्रुवारीच्या आत काढाव्यात. उशीर झाला की वाळलेले गवतच वणवा पुढे नेते. बांबूसह गौण वनोपज बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना हीच समिती देते. साग व इतर इमारती लाकूड या हक्कात येत नाही, हे व्यापाऱ्याशी बोलण्यापूर्वी सगळ्यांना माहीत असावे. परवाना, रक्कम आणि खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचून मंजूर करून घ्यावा लागतो.