नर्सिंगला जायचंय? आधी नोंदणीचं बघा, कॉलेजचं नंतर

आमच्या प्रवेश मार्गदर्शन केंद्रात येणाऱ्या विद्यार्थी आणि पालकांसाठी

निकाल लागले की पालकांचा पहिला प्रश्न असतो, "सीट कुठे मिळेल?" आम्ही त्यांना उलट विचारतो : कोर्स संपल्यावर मुलीचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत लागणार आहे का? सरकारी भरती असो, मोठं हॉस्पिटल असो की परदेशातली नोकरी, पहिला कागद मागतात तो नोंदणीचा. ती नसेल तर हातातलं सर्टिफिकेट कितीही रंगीत असलं तरी कायद्याने ती व्यक्ती नर्स नाही.

अशी नोंदणी मिळवून देणारे, बारावीनंतर सुरू करता येणारे कोर्स तीन : एएनएम (ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आणि बी.एस्सी. नर्सिंग.

"एक वर्षात नर्स" या जाहिरातींबद्दल

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एसटी स्टँडवर, रिक्षांच्या मागे पोस्टर असतात : सहा महिन्यांचा नर्सिंग डिप्लोमा, दहावी नापास चालेल, शंभर टक्के नोकरी. हे कोर्स बहुतेक वेळा रुग्णसहाय्यकाचे असतात. रुग्णाला अंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवण भरवणं, व्हीलचेअरवरून तपासणीला नेणं हे काम मोलाचं आहे आणि हॉस्पिटलांना अशी माणसं लागतातच. पण हा कोर्स करून परिषदेत नोंदणी होत नाही, आणि पुढे जीएनएमला जायचं ठरवलं तर त्यातलं काहीही धरलं जात नाही. पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. मुलीला रुग्णसहाय्यकच व्हायचं असेल तर जरूर करा, पण नर्सिंग समजून पैसे भरू नका.

संस्थाचालकांना तीन गोष्टी विचारा. कोर्सला भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्य परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा कोण घेतं? मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांची नोंदणी झाली का? एएनएम आणि जीएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी.ची नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. "आमचीच संस्था परीक्षा घेते" असं उत्तर आलं तर तिथून उठा.

तीन कोर्स, कोणाला कोणता

एएनएम दोन वर्षांचा. पुढे आरोग्यसेविकेची वाट. मैदानी भागात सुमारे ५,००० आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथलं लसीकरण, गरोदर मातांच्या तपासण्या, घरभेटी हे सगळं ती सांभाळते. गावातच राहून काम करायचं असेल तर चांगला मार्ग आहे.

जीएनएम तीन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण ४० टक्के गुण आणि इंग्रजी विषय हवा. वय १७ ते ३५. म्हणजे बारावीनंतर लग्न झालेली, मुलं शाळेत जायला लागलेली बाईसुद्धा इथे प्रवेश घेऊ शकते. आता उशीर झाला असं मनाशी धरून बसलेल्या सगळ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, आठ सेमिस्टर. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. म्हणून अकरावीत गणित ठेवून जीवशास्त्र सोडण्याआधी नीट विचार करा. तो निर्णय जूनमधल्या एका दिवसात होतो आणि दोन वर्षांनी आडवा येतो.

विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : बी.एस्सी. करा. जीएनएम करून नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं तरी पदवी मिळते, पण चारऐवजी पाच वर्षं लागतात. मात्र घरात लवकर पगार यायला हवा असेल तर जीएनएम कमीपणाचं नाही. तीन वर्षांनी नोंदणीकृत परिचारिका म्हणून ड्युटी सुरू होते आणि पदवी पुढे करता येते.

मुलांनाही जीएनएम आणि बी.एस्सी.ला प्रवेश मिळतो. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, ट्रॉमा विभागांत ब्रदर्सची, म्हणजे पुरुष नर्सची, गरज असते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत मात्र ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असतात, हे मुलांनी ठाऊक ठेवावं.

सीईटी, कॅप आणि फी

बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी सेलची स्वतंत्र परीक्षा २०२३ पासून होते. ९० मिनिटांत १०० प्रश्न : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग कल, प्रत्येकी २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या धांदलीत निघतात आणि तारीख हुकते ती तिथेच. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आम्ही तुमच्यासोबत बसून वाचतो.

प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून घ्या, असा आमचा आग्रह असतो आणि त्याला पैशाचं ठोस कारण आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. एजंटामार्फत मॅनेजमेंट कोट्यात बसलेली मुलगी ही माफी गमावते, वर डोनेशन भरते ते वेगळंच. महाराष्ट्रात डोनेशन घेणं कायद्याने बंद आहे. कोणत्या खासगी कॉलेजची फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्या आकड्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा.

जात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करून ठेवा. पडताळणी समितीकडून यायला महिने लागतात आणि ऐन प्रवेशात त्यासाठी पळापळ करताना आम्ही दरवर्षी पालक बघतो. नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून तुलनेने लवकर मिळतं.

कॉलेज बघायला जा, पण आधी त्याचं हॉस्पिटल बघा

नर्सिंग वर्गात थोडं आणि वॉर्डात जास्त शिकायचं असतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात जीएनएम आणि बी.एस्सी.च्या संस्थेकडे १०० खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल असावं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असं आहे. कागदावर हे सगळीकडे असतं. म्हणून सकाळी ड्युटीच्या वेळी जा. खाटांवर रुग्ण आहेत का? विद्यार्थिनी वॉर्डात दिसतात का? लेबर रूममध्ये बाळंतपणं होतात का? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी बोला, त्या खरं सांगतात. ज्या मुलीने शिकताना पुरेशी बाळंतपणं पाहिली नाहीत, ती पहिल्या नाइटला एकटी पडते, आणि तिच्यासमोरची बाईही.

"हजेरी नको, फक्त परीक्षेला या" असं सांगून परराज्यात प्रवेश देणारे एजंट आपल्या भागात फिरतात. मुलींची राज्याची शुल्कमाफी तिथे लागू होत नाही. परत आल्यावर त्या राज्याच्या परिषदेचं ना हरकत घेऊन इथे नोंदणी करावी लागते. आणि सुई न टोचता मिळालेल्या पदवीने रुग्णाचा जीव धोक्यात येतो. असे फॉर्म आम्ही भरत नाही.

प्रवेश पक्का झाला की मूळ मार्कशीटच्या झेरॉक्स काढून ठेवा, बाँड वाचून मगच सही करा आणि वॉर्ड पोस्टिंगआधी हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण करून घ्या.

पुढे काय

राज्य सरकारच्या रुग्णालयांत अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, केंद्राच्या संस्थांत ४४,९०० पासून. त्यावर भत्ते. खासगी हॉस्पिटलांत, विशेषतः तालुक्याच्या गावात, सुरुवातीचा पगार याच्या जवळपासही नसतो. ही गोष्ट आम्ही लपवत नाही, कारण शैक्षणिक कर्ज काढायचं की नाही हे तिच्यावर ठरतं. एम्सच्या भरतीला बी.एस्सी. चालते. जीएनएम असेल तर किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पहिली नोकरी निवडताना खाटा मोजा आणि अनुभवपत्र हातात घ्या.

सैन्यदलाची वाट वेगळी आहे. देशातल्या सहा लष्करी नर्सिंग महाविद्यालयांपैकी दोन आपल्याकडे, पुण्यात एएफएमसी (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईत नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी. फक्त मुलींसाठी, आणि त्यासाठी नीट द्यावी लागते. बारावीतच नीटचा फॉर्म भरून ठेवा.

परदेशात जायचं असेल तर अमेरिकेसाठी एनक्लेक्स परीक्षा, इंग्लंडसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यतेसाठी जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते. पहिल्याच वर्षी त्यासाठी पैसे भरायची गरज नाही. इंग्रजी मात्र पहिल्या दिवसापासून वाचा, पुस्तकं त्याच भाषेत आहेत.

आमच्याकडे येताना

आम्ही फॉर्म भरण्याची आणि सल्ल्याची ठरलेली फी घेतो, तिचा तक्ता काउंटरवर लावलेला आहे. कुठल्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही. दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि असतील ते जातीचे-उत्पन्नाचे दाखले घेऊन या. आणि जिला शिकायचं आहे तिला सोबत आणा. नाइट ड्युटी, रक्त, मृत्यू, नातेवाइकांचा राग, सगळ्याबद्दल आम्ही तिच्याशी मोकळेपणी बोलतो, आणि तिचा होकार आल्यावरच फॉर्म भरतो.